अळमी (रानातली मश्रूम) खाल्ल्यावर डोक्याला आणि नसांना नेमकं काय होतं? (गोव्यात फोंड्यातल्या एका प्रकारावरून)

कुर्टीकर

मंडळी, परवा आमच्या वाड्यावर एक प्रकार झाला, त्यावरून हा धागा काढतोय.

शेजारच्या भाड्याच्या खोलीत बांधकामावर काम करणारे दोघे परप्रांतीय भाऊ राहतात. पाऊस जरा उघडला तसे एका बंद बंगल्याच्या आवारात गेले, झाडाखालची बारीक तपकिरी अळमी उपटून आणली, कांदा-मिरचीवर परतली आणि भाकरीबरोबर खाल्ली. पाऊण तास झाला नसेल, थोरल्याला घाम सुटला. साधा घाम नव्हे, शर्ट पिळावा इतका. तोंडातून लाळ थांबेना, डोळ्यांतून पाणी, पोटात कळा. समोरचं धूसर दिसतंय म्हणाला. डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक झालेल्या. पण बोलणं मात्र स्वच्छ. मालकाचा फोन नंबर त्यानेच तोंडपाठ सांगितला.

इस्पितळात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेतात औषध फवारत होता का?" आम्ही अळम्यांचं सांगितलं, मग त्यांनी अ‍ॅट्रोपिन दिलं. रात्री पोरगा उठून पेज प्यायला. धाकट्याने दोन घासच खाल्ले होते, त्याचं उलटीवर निभावलं.

आता दोन शंका. फवारणीचा प्रश्न का आला? आणि विषारी अळमी खाल्ली की माणूस बरळतो असं लहानपणापासून ऐकलंय, मग याचं डोकं शाबूत कसं राहिलं?

माशेल_सुगरण

देवाची कृपा. आमच्याकडे अळमी शिजवताना भांड्यात चांदीचं नाणं टाकतात. काळं पडलं तर ओतून द्यायचं. सासूबाई लसूणही टाकत. एवढं केलं असतं तर ही वेळ आली नसती.

भूलवाली

सुगरण ताई, नाण्याकडे नंतर येते. आधी कुर्टीकरांचं.

तुम्ही जे वर्णन केलंय ते मस्करिन नावाच्या विषाचं. आपल्या शरीरात असिटिलकोलिन नावाचा निरोप्या आहे. लाळ, घाम, अश्रू, आतड्याची हालचाल, हृदयाची गती, बाहुलीचं आकसणं, ही सगळी कामं तो एका जातीच्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या निरोप घेणाऱ्या जागांवर, बसून करून घेतो. मस्करिन त्याच ग्राहींवर जाऊन बसतं. फरक असा की खऱ्या असिटिलकोलिनला काम झाल्याझाल्या तोडून टाकणारं एन्झाइम आपल्याकडे आहे, मस्करिनला ते तोडू शकत नाही. म्हणून निरोप चालूच राहतो. घाम येतो तो येतच राहतो, नाडी मंदावते, छातीत कफ साचतो. माणूस जातो तो बहुधा श्वासनळ्या आकसून, कफाने, किंवा हृदय फारच मंदावून.

फवारणीच्या औषधांतली ऑर्गॅनोफॉस्फेट्स वेगळ्या वाटेने त्याच जागी पोचतात. ती ते तोडणारं एन्झाइमच बंद पाडतात. त्यामुळे घाम, लाळ, बारीक बाहुल्या हे चित्र हुबेहूब सारखं. आपल्याकडे फवारणीचं विष कितीतरी जास्त वेळा येतं, म्हणून डॉक्टर आधी तेच विचारणार, आणि बरोबरच विचारलं. फवारणीच्या विषात पुढे स्नायू फडफडतात, अशक्त होतात. मस्करिनमध्ये तसं होत नाही. अ‍ॅट्रोपिन मात्र दोन्हींत चालतं, कारण ते ग्राहीची जागाच अडवून बसतं.

आता तुमची दुसरी शंका. मस्करिनच्या रेणूवर कायमचा धन विद्युतभार असतो. असा रेणू रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, मेंदूभोवतीचा अडसर त्याला ओलांडता येत नाही. म्हणजे नसांचा गोंधळ मेंदूच्या बाहेर, डोकं जागेवर. तुमच्या पोराने फोन नंबर सांगितला तो त्यामुळे.

खट्याळ_खेकडा

म्हणजे ताई, जी डोक्यात शिरतात ती वेगळी. हणजूण-वागातोरच्या पर्यटकांना विचारा 😄

बुरशीवेडा

खेकड्या, विषय निघालाच आहे तर नीट बोलू. (मी म्हापशाला बॉटनी शिकवतो, डॉक्टर नाही.)

मस्करिन हे नाव ज्या अळम्यावरून पडलं ते म्हणजे चित्रांतलं लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेलं, अमानिटा मस्कारिया. १८६९ साली श्मीडेबर्ग आणि कोपे यांनी त्यातून हा पदार्थ वेगळा केला. पुढे १९१४ मध्ये हेन्री डेल यांनी मस्करिन आणि निकोटिन यांच्या परिणामांवरून असिटिलकोलिनच्या कामांचे दोन गट पाडले, आणि निरोपे रासायनिक असतात हे दाखवल्याबद्दल त्यांना ओटो लोवी यांच्याबरोबर १९३६ चं नोबेल मिळालं. औषधशास्त्रातलं एक मोठं प्रकरण अळम्यातून निघालं म्हणायला हरकत नाही.

गंमत अशी की त्या लाल अळम्यात मस्करिन नगण्य असतं. त्याचा खरा खेळ इबोटेनिक आम्ल आणि मस्किमॉल या दोघांचा, आणि हे दोघे थेट मेंदूत जातात. ते अळमं बर्च, पाइन अशा झाडांच्या मुळांशी नातं जोडून वाढतं, म्हणून आपल्या माडा-आंब्याखाली सापडेल ही आशा (किंवा भीती) सोडा.

भूलवाली

आणि हे दोघे एकमेकांच्या उलट. इबोटेनिक आम्ल ग्लुटामेट या मेंदूतल्या निरोप्यासारखं वागतं, म्हणजे मेंदूला चेतवतं. त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून गेला की त्याचंच मस्किमॉल होतं, आणि ते गाबा या मेंदू शांत ठेवणाऱ्या निरोप्याच्या ग्राहींवर बसून मेंदूला थोपवतं. एकाच वेळी अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक दाबलेली गाडी. रुग्ण घटकेत ओरडतो, हातपाय झाडतो, घटकेत गाढ झोपतो, परत उठून भ्रमिष्टासारखा बोलतो. मुलांना झटके येऊ शकतात. आम्ही भूल देताना वापरतो त्यांतली बरीच औषधं याच गाबाच्या ग्राहींवर चालतात, त्यामुळे हे प्रकरण मला जवळचं वाटतं.

इथे एक गोष्ट ठळक अक्षरात वाचा. अशा रुग्णाला घाम-लाळ नसताना केवळ "अळम्यांची विषबाधा" म्हणून अ‍ॅट्रोपिन दिलं तर भ्रम आणखी वाढतो. कुर्टीकरांच्या पोराला ज्याने उठवलं, तेच दुसऱ्याला खोल ढकलेल. म्हणून "अळमी खाल्ली" एवढं सांगून भागत नाही. कधी खाल्ली, किती वेळाने त्रास सुरू झाला, आधी घाम की आधी भ्रम, हे सांगावं लागतं.

सत्तरीचो

सगळं वाचलं. पण एक सांगू? शहरातली माणसं असलं वाचतात आणि उद्या वाळपईच्या रस्त्यावर बसलेल्या बाईकडची रोयणीची, म्हणजे वाळवीच्या वारुळावरची, अळमीसुद्धा घ्यायला घाबरतात. आमच्या आज्या-पणज्यांपासून आम्ही हे खातो. आमची आई रोयण बघूनच सांगते, उद्या येणार की परवा. ते अळमं ओढलं की खाली लांब मूळ येतं, थेट वाळवीच्या घरापर्यंत गेलेलं. ते मूळ नसेल तर ती हात लावत नाही. कुठलंही तपकिरी बघून उपटणं आणि हे सारखं कसं?

बुरशीवेडा

सत्तरीकार बाब, शंभर टक्के मान्य. टर्मिटोमायसिसच्या, म्हणजे तुमच्या रोयणीच्या अळम्यांच्या, जाती वाळवीशिवाय जगत नाहीत. वाळवी पालापाचोळा चावून आत जी पोळी रचते त्यावर ही बुरशी वाढते, म्हणूनच आजवर कुणाला त्यांची शेती नीट जमलेली नाही आणि म्हणूनच भाव असा चढा. गोवा विद्यापीठात डॉ. नंदकुमार कामत यांनी गोव्यातल्या अळम्यांवर वर्षानुवर्षं काम केलं, तेही लोकांच्या या ज्ञानाचा मान राखूनच.

पण तुमची आई जे बघते ते तिला तिच्या रानापुरतं ठाऊक आहे. फोंड्याच्या बंगल्यातल्या परप्रांतीय पोराला त्याच्या गावची अळमी ठाऊक होती, आपली नव्हे. जगभर असंच होतं. माणूस देश बदलतो, डोळे जुनेच घेऊन येतो.

आणि अभयारण्यातून काढायची नाहीत हेही आहेच. वन खातं दर पावसाळ्यात बजावतं.

सत्तरीचो

अभयारण्याचा विषय काढू नका, त्यावर वेगळा धागा लागेल.

खट्याळ_खेकडा

माझ्या प्रश्नाला बगल दिली सगळ्यांनी. पर्यटकवाली अळमी?

भूलवाली

बगल नाही, तू विचारलंस कुठे नीट? त्यांतलं सायलोसायबिन १९५८ मध्ये आल्बर्ट हॉफमन यांनी वेगळं केलं, तेच, एलएसडी हा भास घडवणारा पदार्थ शोधणारे. पोटात गेल्यावर त्याचं सायलोसिन होतं आणि ते सिरोटोनिनच्या एका ग्राहीवर बसतं. रंग, आकार, काळाचं भान, मी-पणा, सगळं हलतं. चार ते सहा तासांत बहुधा ओसरतं. पण रुग्ण म्हणून जे येतात ते रंग बघून खूश झालेले नसतात. थरकाप उडालेले असतात, नाडी धावत असते, कुणीतरी मारायला येतंय म्हणून गच्चीच्या कठड्याकडे पळतात. घरात मनोविकाराचा इतिहास असेल तर प्रकरण लांबतं. आणि कायद्याने विचारशील तर सायलोसायबिन १९८५ च्या एनडीपीएस (अंमली पदार्थविरोधी) कायद्याच्या यादीत आहे.

बुरशीवेडा

जोडीला एवढंच. तशाच दिसणाऱ्या लहान तपकिरी अळम्यांत गॅलेरिना नावाचा वंश आहे. त्याच्या काही जातींत अमाटॉक्सिन हे यकृत मारणारं विष असतं. त्यावर भूलवाली ताईंनीच लिहावं.

पर्वरीतला_पाहुणा

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या पर्वरीत. गुच्छी या डोंगराळ भागातल्या अळम्यांबद्दल कुणी सांगेल का? मित्राने हिमाचलमधून आणल्यात. महाग वस्तू, फेकवत नाही.

बुरशीवेडा

खरी गुच्छी (मॉर्केला) असेल तर खाण्याजोगी आहे, पण कच्ची किंवा अर्धकच्ची कधीच नाही. आणि ताट भरून नाही. युरोपात भरपूर गुच्छी खाल्लेल्या काही लोकांना बारा-एक तासांनी चक्कर, हाताला कंप, चालताना तोल जाणं असा त्रास झाल्याची नोंद आहे. दारू न पिता झिंगल्यासारखं. एखाद्या दिवसात उतरतं. वाळवलेली असली तरी भिजवून नीट शिजवा, पहिल्यांदा थोडीच खा.

खोट्या गुच्छीचं, म्हणजे जायरोमिट्राचं प्रकरण मात्र गंभीर. ती थंड प्रदेशातली. गुच्छी उभी कापली तर आत सलग पोकळ असते, खोटीच्या आत कप्पे आणि गर असतो.

भूलवाली

जायरोमिट्रा माझ्या आवडीचा विषय, थोडी रमते.

तिच्यातल्या जायरोमिट्रिनपासून पोटात मोनोमिथिलहायड्रॅझिन तयार होतं. हाच पदार्थ रॉकेटचं इंधन म्हणून वापरतात. तो शरीरातल्या बी-६ जीवनसत्त्वाला कामाचं रूप घेऊ देत नाही. मेंदूतलं गाबा तयार करणाऱ्या एन्झाइमला बी-६ लागतं. बी-६ नाही म्हणजे गाबा नाही, गाबा नाही म्हणजे थोपवणारं कुणी नाही, आणि झटके सुरू. हे झटके नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत, कारण ती औषधं गाबाचा जोर वाढवतात आणि इथे गाबाच संपलेलं. उतारा म्हणजे शिरेतून पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६च.

आता ज्यांच्या घरात क्षयरोगाचं औषध चालू असेल त्यांना आठवेल, आयसोनियाझिडबरोबर डॉक्टर बी-६ची गोळी देतात. तेही याच बी-६च्या मुळावर येतं, आयसोनियाझिडचा डोस प्रमाणाबाहेर गेला की असेच हट्टी झटके येतात, आणि उताराही तोच. म्हणून हिमालयातलं किंवा फिनलंडमधलं अळमं आपल्याला परकं वाटलं तरी गोव्यातल्या कुठल्याही आयसीयूतल्या डॉक्टरला ते ओळखीचं आहे.

माशेल_सुगरण

ताई, नाण्याचं राहिलं.

भूलवाली

राहिलं नाही, मुद्दाम मागे ठेवलं, कारण ते सगळ्यांत वाईट विषाशी जोडलेलं आहे.

चांदी गंधकाच्या संयुगांनी काळी पडते. लसणात, अंड्यात ती असतात. अळम्यातलं विष आणि चांदी यांचा संबंध नाही. लसूण काळा-निळा पडण्याचंही तेच. किड्यांनी खाल्लेलं अळमं चालतं म्हणतात, तेही खोटं. गोगलगाय जे पचवते ते आपल्याला पचत नाही.

अमाटॉक्सिन शिजवून, वाळवून, उकळलेलं पाणी ओतून, कशानेही जात नाही. ते असलेलं अळमं चवीला चांगलं लागतं असं वाचलेले रुग्ण सांगतात. सहा ते बारा तास काहीही होत नाही. मग पटकीसारखे जुलाब-उलट्या. दुसऱ्या दिवशी बरं वाटतं, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, कुणी डिस्चार्ज मागतो. आणि तिकडे यकृताच्या पेशी मरत असतात, कारण हे विष पेशीला नवीन प्रथिनं बनवायची आज्ञाच वाचू देत नाही.

मेंदू इथे शेवटी सापडतो. आतड्यात तयार होणारा अमोनिया यकृत साफ करतं. यकृत गेलं की तो रक्तातून मेंदूत जातो, तिथल्या आधारपेशी त्याचं ग्लुटामिन करून साठवतात, पाणी ओढतात आणि सुजतात. सुरुवातीला रुग्ण दिवसा झोपतो, रात्री जागा. सही करायला दिली तर अक्षर बिघडलेलं. हात पुढे करून पंजे वर उचलायला सांगितले तर ते स्थिर राहत नाहीत, पुन्हा पुन्हा खाली पडतात. मग बरळणं, मग बेशुद्धी. कुर्टीकरांनी लहानपणी ऐकलेलं बरळणं कदाचित हेच असेल. विष मेंदूवर चढल्यासारखं दिसतं, पण मूळ दुखणं यकृताचं. एप्रिल २०२२ मध्ये आसामच्या चहामळ्यांच्या भागात रानातली अळमी खाऊन तेरा माणसं गेली, त्यात मुलंही होती.

माशेल_सुगरण

अंगावर काटा आला. नाणं देव्हाऱ्यात ठेवते, तिथेच बरं.

बुरशीवेडा

या धाग्यात दोन चमत्कारिक प्रकार यायलाच हवेत.

एक जपानचा. सुगिहिराताके म्हणून पांढरं, नाजूक अळमं, पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेलं. २००४ च्या शरद ऋतूत ते खाल्लेल्या एकोणसाठ लोकांच्या मेंदूला सूज आली, त्यांतले सतरा गेले. त्यांतले बरेच जण मूत्रपिंडाचे जुने रुग्ण, काही डायलिसिसवरचे. सत्तरीकार बाब, "आज्या-पणज्यांपासून खातो" याला हे उत्तर म्हणून देत नाही, पण मूत्रपिंडाचा रुग्ण घरात असेल तर रानातल्या अळम्यांबाबत दहादा विचार करा.

दुसरा चीनच्या युन्नानचा. तिथे बाजारात एक बोलीट जातीचं (टोपीखाली पापुद्र्यांऐवजी बारीक छिद्रं असलेलं) अळमं विकतात, लान्माओआ एशियाटिका. नीट शिजलं तर चविष्ट. कमी शिजलं तर माणसाला बोटभर उंचीची माणसं दिसू लागतात. भिंतीवर चढताना, ताटाभोवती नाचताना. खाणारे वेगवेगळे, पण दिसतं सगळ्यांना साधारण हेच, आणि रुग्ण कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी येतात. सायलोसायबिन त्यात सापडलेलं नाही.

खट्याळ_खेकडा

बोटभर माणसं! आमच्याकडे फेणीनंतर मोठी माणसंच दोन-दोन दिसतात.

भूलवाली

फेणीचं काढलंस ते बरं केलंस. कोप्रिनॉप्सिस अट्रामेंटारिया नावाचं एक अळमं आहे, जून झालं की वितळून काळं पाणी होणारं. नुसतं खाल्लं तर काही नाही. पण त्यातलं कोप्रिन दारू पचवणाऱ्या साखळीतलं एक एन्झाइम अडवतं. मग दोन-तीन दिवसांनी जरी घोट घेतला तरी चेहरा लालबुंद, छातीत धडधड, डोकं फुटेल असं वाटतं, उलट्या. व्यसन सोडवायला डायसल्फिरामची गोळी देतात, तिचा परिणाम असाच.

आणि केवळ नसांच्या टोकांवरचं हवं असेल तर जपान आणि फ्रान्समधल्या काही अळम्यांतलं अक्रोमेलिक आम्ल. खाल्ल्यावर एक-दोन दिवसांनी बोटांची टोकं लाल होतात आणि आग पडते, ती आठवडेच्या आठवडे. लोक पाय थंड पाण्याच्या बादलीत बुडवून बसतात. डोकं स्वच्छ, पोट ठीक, नुसती आग. गोव्यात ते नाही, पण मज्जासंस्थेवरचा असा विचित्र परिणाम मला दुसरा माहीत नाही.

कुर्टीकर

ताई, मग आमच्यासारख्याने करायचं काय? पोराच्या मित्रांनी त्याला मिठाचं पाणी पाजून ओकायला लावायचा घाट घातला होता.

भूलवाली

ते थांबवलंत हे फार चांगलं केलंत. झोपेत असलेल्या, बरळणाऱ्या किंवा झटके येणाऱ्या माणसाला ओकवलं तर ते फुप्फुसात जातं. आमचा निम्मा जीव अशा रुग्णाची श्वासनळी वाचवण्यात जातो. मीठ-पाणी, लिंबू, ताक, तूप काही नको. कुशीवर झोपवा, १०८ लावा, नाहीतर मिळेल त्या गाडीने जवळचं इस्पितळ. तिथून गरज लागली तर बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला पाठवतील. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषमाहिती केंद्र डॉक्टरांना आणि लोकांनाही फोनवर सल्ला देतं.

वेळ लिहून ठेवा. सहा तासांच्या आत त्रास सुरू झाला तर बहुधा निभावतं, सहा तासांनंतर सुरू झाला तर यकृताची तपासणी व्हायलाच हवी, बरं वाटलं तरी. पण दोन-तीन जातींची अळमी एकत्र शिजवली असतील तर हा हिशेब चालत नाही. लवकर झालेल्या त्रासाआड उशिराचं विष लपतं. ज्यांनी ज्यांनी तेच जेवण घेतलं त्या सगळ्यांना न्या, "मला काही होत नाही" म्हणणाऱ्यालाही.

बुरशीवेडा

आणि अळमं न्या. उपटलेलं असेल तर बुंध्यासकट, वर्तमानपत्रात गुंडाळून. प्लास्टिकच्या पिशवीत दोन तासांत लगदा होतो आणि मग माझ्यासारख्याच्या हाती काही लागत नाही. आवारात उरलेली असतील तर जागेवरच मोबाईलने फोटो काढा: वरून, खालच्या पापुद्र्यांचा, आणि बुंधा मातीतून निघतो तिथला.

कुर्टीकर

बंगल्यात अजून चार-पाच उभी आहेत. संध्याकाळी फोटो टाकतो. त्यांच्या पातेल्यात थोडी भाजीही उरलीय, आमच्या फ्रीजमध्ये ठेवलीय, फेकू का?

भूलवाली

फेकू नका. डबा बंद करून "खाऊ नये" असं मोठ्या अक्षरात चिकटवा आणि उद्या पोराच्या फेरतपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना विचारून द्या. थोरल्याच्या यकृताची चाचणी परत करून घ्या, आणि धाकट्यालाही बरोबर न्या. त्याची चाचणी अजून झालेलीच नाही ना?

कुर्टीकर

नाही झाली. सकाळी दोघांना घेऊन जातो.